रुंद कडेचे तिकीट

साम्राज्ये तलवारीने उभी राहतात, कायद्याने चालतात आणि शेवटी उरतात ती फक्त आपल्या टपालाच्या तिकिटांवर. मानवी इतिहासाला याखेरीज दुसरा अर्थ नाही. हे वाक्य हरिहर पोंक्षेने तिकीट-मंडळाच्या वार्षिक सभेत वाचायच्या निबंधासाठी बुधवारी सकाळी मनात जुळवले, तेव्हा तो डोंबिवलीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या मागच्या पडवीत, डाव्या गालाला साबण लावून, उजव्या गालापुरते पाणी विहिरीवरून येण्याची वाट बघत बसला होता. वाक्य त्याला आवडले. ‘मानवी’च्या जागी ‘जागतिक’ केले तर कल्याणचे सभासद जास्त दबतील की काय, असा विचार करत त्याने वस्तरा गालाला लावला, आणि त्याच वेळी पुढच्या दाराने सुमती पोस्टकार्ड वाचत आत आली. ती पोस्टकार्डे नेहमी मोठ्याने वाचत येई, कारण पोस्टकार्ड ही सगळ्यांनी ऐकायची वस्तू आहे असे तिचे मत होते. ठाण्याच्या अण्णा ताम्हाण्यांचे पत्र होते. पट्टी निघाली. जाड भिंगांचा चष्मा मिळाला. आता मुंगीचे पायसुद्धा मोजून सांगतो. रविवारी दुपारी चहाला यावे. येताना तुर्कस्तानच्या तिकिटांची वही अवश्य आणावी, एक गोष्ट समक्ष बोलायची आहे.

“अण्णांना दिसायला लागलं हो,” सुमती म्हणाली. “मी टिटवाळ्याला नारळ बोलले होते.”

हरिहरच्या गालावर रक्ताचा थेंब आला आणि साबणाच्या फेसात पसरून फिकट झाला. आरशात त्याने तो पाहिला आणि सवयीने त्याची वर्गवारी केली : पहिल्या छपाईतल्या पाच कुरूशच्या तुर्की तिकिटाचा तांबडा, जरा उन्हाने उडालेला. मग त्याच्या लक्षात आले, की एका सत्तरीच्या सज्जन माणसाच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन यशस्वी झाल्याचे ऐकून गाल कापून घेणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच असणार, आणि त्याचा उजवा गाल अजून व्हायचा आहे. सुमती म्हणत होती, की नारळ फोडायला त्यानेही बरोबर आले पाहिजे, नवस काही तिच्या एकटीच्या ओळखीच्या माणसासाठी केला नव्हता. तो ‘हो’ म्हणाला. त्या क्षणी तो कशालाही ‘हो’ म्हणाला असता.

तीन वर्षे तो अण्णांच्या मोतीबिंदूच्या आश्रयाने राहिला होता. हे त्याने स्वतःला इतक्या स्पष्ट शब्दांत कधी सांगितले नव्हते. पण मंडळाच्या प्रत्येक बैठकीला तो आधी अण्णांच्या शेजारी जाऊन बसे आणि डोळे कसे आहेत म्हणून विचारी. अण्णा म्हणत, धुकं वाढतंय. मग हरिहरला वाईट वाटे, खरोखरच वाटे. आणि त्या दुःखाच्या खालच्या फळीवर कुणीतरी पाय पसरून, उशी नीट करून, निवांत पडे. अण्णा ड्रॉइंगचे मास्तर होते. पस्तीस वर्षे त्यांनी मुलांच्या वर्तुळांत चुका काढल्या होत्या. फळ्यावर हाताने काढलेली सरळ रेघ पाहून तिचा कल कुठल्या टोकाला किती आहे ते सांगणारा माणूस. त्या डोळ्यांवर पडदा आला, आणि हरिहर पोंक्षे सुरक्षित झाला. आता कुणा डॉक्टरने तो पडदा काढून एका बशीत ठेवला होता.

मंडळात त्याला सगळे ‘तुर्की पोंक्षे’ म्हणत. ही पदवी त्याने मागितली नव्हती. लढाई संपल्यावरच्या वर्षी ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या नऊ माणसांनी टपाल-तिकिटे जमवणाऱ्यांचे मंडळ काढले, तेव्हा पहिल्याच बैठकीत, पंगतीत वाढपाची कामे वाटावीत तसे देश वाटले गेले. इंग्लंडवर तिघांचा डोळा होता. फ्रान्स एका वकिलाने उचलला. शेवटी तुर्कस्तान उरले, कारण त्याची जुनी तिकिटे कुणाला वाचता येईनात. हरिहर कल्याणच्या मामलेदार कचेरीत रेकॉर्ड-कारकून होता आणि जुने मोडी कागद वाचत असे. तेव्हा ज्याला मोडी लागते त्याला तुर्की न लागायला काय झाले, असे कुणीतरी म्हणाले आणि ठराव झाला. हरिहरने हरकत घ्यायला तोंड उघडले होते. पण तेवढ्यात सगळ्यांनी त्याच्याकडे आदराने पाहिले, आणि आदराने पाहणारी आठ माणसे त्याने त्यापूर्वी एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती. तोंड त्याने मिटले. पुढे त्याने कष्ट घेतले, हे खोटे नाही. कल्याणला दूधनाक्यावर एक म्हातारे घड्याळदुरुस्तीवाले चाचा होते, त्यांच्याकडून तो आकडे शिकला, अक्षरे शिकला. अठराशे त्रेसष्टच्या पहिल्या तिकिटाचे चित्र त्याने त्यांना दाखवले तेव्हा त्यांनी खालचा मजकूर वाचून दाखवला. पण वरच्या त्या मोठ्या वेलबुट्टीपाशी थांबले. ही सुलतानाची सही आहे, म्हणाले. ही वाचायची नसते, मानायची असते.

तेच तिकीट. तिकडच्या चिल्लर नाण्यांत वीस पाऱ्यांचे, पिवळे. पातळ कागद, कडेला दातरे नाहीत, कात्रीने कापून सुटे करायचे. मधोमध ती सही : तीन उभे दांडे, डावीकडे सुटलेली दोन मोठी वळणे, एखाद्या बाईने घाईत अंबाडा घालावा तशी; खाली चंद्रकोर. हरिहरने ते युद्धानंतर एका व्यापाऱ्याकडून टपालाने मागवले होते, आणि ते आले त्या दिवशी त्याने कचेरीत रजा टाकली होती. याच तिकिटावर त्याने मंडळात व्याख्यान दिले. या तिकिटाच्या नकला फार, खऱ्याहून नकलाच जास्त फिरतात, हे त्याने पुस्तकातून वाचून सांगितले. आणि मग पुस्तकात नसलेले एक वाक्य त्याच्या तोंडून गेले. ‘खरं तिकीट ओळखावं लागत नाही, ते आपणहून ओळख देतं.’ टाळ्या पडल्या. मंडळाच्या इतिवृत्तात ते वाक्य गेले. लोक ते लग्नकार्यात, मुली पाहण्याच्या वेळीसुद्धा वापरू लागले. फक्त हरिहरला ठाऊक होते, की त्याला आजपर्यंत एकाही तिकिटाने आपणहून ओळख दिलेली नाही.

गुरुवारी कचेरीत त्याच्यासमोर एक शेतकरी बसला होता आणि हरिहर त्याच्या आजोबांच्या नावच्या कागदाची नक्कल मुळाशी ताडून पाहत होता. ताडून झाल्यावर नकलेवर शिक्का मारायचा असतो : ‘खरी नक्कल’. हा शिक्का त्याने गेली बावीस वर्षे रोज मारला होता आणि त्यात काही चमत्कारिक आहे असे त्याला कधी वाटले नव्हते. आज शिक्का शाईत बुडवून त्याने वर उचलला आणि हात तसाच राहिला. दोन कागद शेजारी शेजारी. एक जुना, एक नवा. डाव्या हाताला कुठला होता? त्याने पाहिले, जुना तपकिरी होता, वाळवीने खाल्लेला होता, आंधळ्यालाही कळले असते. तरी त्याने पुन्हा पाहिले. शेतकरी म्हणाला, साहेब, काही खोट निघाली का. हरिहरने शिक्का मारला. तो जरा तिरका बसला.

एकावन्नच्या थंडीत मंडळाची फिरती पेटी त्याच्याकडे आली होती. ही पेटी म्हणजे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा. ज्याला आपली तिकिटे अदलाबदलीला द्यायची असतील त्याने ती पानांवर लावून डब्यात टाकायची, आणि डबा एकेका सभासदाकडे आठ आठ दिवस राहायचा. तिकीट पसंत पडले तर ते काढून रिकाम्या चौकोनात आपली सही करायची. नसेल घ्यायचे तर पानाच्या खाली ‘पाहिले’ एवढेच लिहायचे. नियम चौथा : घ्यावयाचे नसल्यास तिकीट पानावरून हलवू नये. हा नियम हरिहरनेच लिहिला होता. त्या खेपेला अण्णांच्या पानावर, इटलीच्या दोन ओळींखाली, वीस पाऱ्यांचे पिवळे तिकीट होते.

ते पाहून त्याच्या छातीत काय झाले ते त्याला अजून आठवत होते : आनंद नव्हे, मत्सरही नव्हे, आपल्याच चेहऱ्याचा माणूस रस्त्यात समोरून यावा तसे. त्याने आपली वही काढली. दोन्ही तिकिटे शेजारी धरली. सारखी होती. वळणे सारखी, कोर सारखी, पिवळा तोच. मग एक खरे असेल तर दुसरे खरे, की दोन्ही छपाईच्या एकाच लबाड दगडावरून उतरलेली? कागद उजेडाशी धरून पाहावा म्हणून त्याने नियम चौथा मोडला. दोन्ही तिकिटे काढली. पाठ स्वच्छ दिसावी म्हणून दोन्हींच्या पाठीवरच्या चिकटवायच्या कागदी पट्ट्या ओल्या बोटाने, दम धरून, सोडवल्या. एक ताटलीच्या डाव्या बाजूला ठेवले, एक उजव्या. डावे आपले, उजवे अण्णांचे. हे त्याने मनात म्हटले सुद्धा. आणि विहिरीत बादली पडली.

बादली सुमतीच्या हातून पडली होती आणि गळ टाकून ती काढणे हे या घरात हरिहरचे काम होते. गळ आतल्या कडेच्या झाडाला अडकला, दोर ओला, थंडीने बोटे बधिर झालेली. अर्धा तास गेला. घरात आला तर शेजारच्या आवडाबाई बसल्या होत्या आणि त्याच्या ताटलीत पोहे खात होत्या. सुमती हसून म्हणाली, घाबरू नका, तुमचे ते कागद मी नीट ठेवलेत. नीटच ठेवले होते. खिडकीच्या फळीवर, एकावर एक, वर अडकित्ता. आवडाबाई म्हणाल्या, पोंक्षेभावजींचं काम किती बारीक, नाही.

संध्याकाळपर्यंत त्याने भिंग लावून दोन्ही पाहिली. पुस्तकातली आठ लक्षणे पाहिली. आठही दोन्हींत होती, किंवा एकाही तिकिटात नव्हती, भिंग किती दूर धरतो त्यावर ते होते. एकच फरक सापडला : एका तिकिटाला डाव्या बाजूची कड जरा रुंद होती, कापणाऱ्याने उदार मनाने कापल्यासारखी. आपल्या तिकिटाची कड रुंद होती का? जे रोज पाहिले ते त्याने कधी पाहिलेच नव्हते. सुमतीला त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, डावीकडचं वर ठेवलंस की उजवीकडचं? ती म्हणाली, दोन्ही सारखीच तर होती. तुर्कस्तानच्या टपालाविषयी या जिल्ह्यात कुणी काढलेला सर्वांत प्रामाणिक उद्गार तो होता.

दुसऱ्या दिवशी पेटी पुढे द्यायची होती. त्याने चिमट्याने एक तिकीट उचलले, अण्णांच्या पानावर नव्या पट्टीने लावले आणि खाली ‘पाहिले’ लिहिले. घेतो म्हणून सही केली असती तर दोन्ही त्याचीच झाली असती आणि प्रश्न मिटला असता. पण बदल्यात अण्णांना तोलाचे काही द्यावे लागले असते, आणि अख्ख्या मंडळाने विचारले असते, की पोंक्षे, हेही खरं का. तेव्हा त्याने लावले ते अरुंद कडेचे. रुंद कडेचे ठेवून घेतले.

इथपर्यंत तो रोज येई आणि इथे येऊन थांबे. कचेरीत जाता-येता, जेवताना भाताचे आळे करताना, रेडिओवर बातम्या चालू असताना. कारण चिमटा उचलण्यापूर्वी हात थांबला होता. क्षणभर. तेव्हा त्याने स्वतःला सांगितले होते, की आपण निवडत नाही, नुसते उचलतो आहोत. पण हात थांबला होता. लहानपणी आई दोन भावांना डोळे मिटायला लावून पुढे लाडवांचे ताट धरायची. हरिहरच्या हातात दर वेळी मोठा लाडू यायचा, आणि आई कौतुकाने म्हणायची, याच्या हाताला डोळे आहेत. धाकटा भाऊ रडायचा. हरिहर शपथेवर सांगायचा, मी पाहिलं नाही, आणि ते खरे होते. त्याने पाहिले नव्हते. हाताने पाहिले होते. मग त्या सकाळी हाताने काय पाहिले? हाताला ठाऊक होते का कुठले कुणाचे? एखाद्या माणसाच्या हाताने चोरी केली आणि माणसाला ती कळली नाही, तर मामलेदार कचेरीच्या हिशेबाने चोर कोण? या प्रश्नावर त्याला अपील करायला वरचे कोर्ट सापडत नव्हते.

शुक्रवारी त्याने ठरवले, जायचे नाही. ताप आला म्हणून कळवायचे. पण अण्णा स्वतः येतील, नवे डोळे घेऊन, आणि सुमती त्यांना त्याच ताटलीत पोहे देईल. शनिवारी ठरवले, जायचे आणि संधी मिळताच तिकिटे परत बदलायची. हा विचार इतका स्वच्छ आणि नीतिमान वाटला की त्याने जेवणात दुसऱ्यांदा भात घेतला. चौथ्या घासाला त्याला कळले, की पहिल्या वेळी अदलाबदल झालीच नसेल तर ही परतफेड म्हणजेच चोरी ठरेल, तीही जाणूनबुजून केलेली. घास त्याने गिळला. दोन्ही तिकिटे अण्णांना देऊन टाकणे एवढाच हिशेब बरोबर येत होता. तीन वर्षांत हे सुचले नव्हते. की सुचले होते, आणि त्याने त्याला बसायला पाट दिला नव्हता? पण दोन देताना काय सांगायचे? मला ओळखता येत नाही, एवढे चार शब्द. चोर ठरण्यापेक्षा या चार शब्दांचीच आपल्याला जास्त भीती वाटते आहे, हे लक्षात आले तेव्हा तो स्वतःवरच चकित झाला.

रविवारी ठाण्याला उतरून तो तलावपाळीने चालत गेला. वही काखेत होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तलावाच्या कठड्यावर काही माणसे बसली होती आणि त्यांतला प्रत्येक जण आपल्याकडे पाहतो आहे असे त्याला वाटले. ते शेंगा खात होते. अण्णांच्या सुनेने, मंदाकिनीने, दार उघडले. ती म्हणाली, अण्णांच्या डोळ्यांत औषध घातलंय, दहा मिनिटं पडून राहायला सांगितलंय, तुम्ही बसा. मग आवाज खाली आणून म्हणाली, की दिसायला लागल्यापासून घरात फार कठीण झालं आहे. भिंतीला हा रंग कुणी दिला म्हणून परवा विचारत होते. तीन वर्षं हाच आहे म्हटलं, तर म्हणाले, तुम्ही मला सांगितलं नाहीत. ती चहा टाकायला आत गेली.

टेबलावर अण्णांची वही उघडीच होती. हरिहरने हात मांडीखाली दाबून ठेवले. मग एक हात निघाला. पान उलटले. दुसरे. तिसऱ्या पानावर ते एकटेच लावलेले होते, अरुंद कडेचे, मधोमध, भोवती बारीक ब्रशने काढलेली निळी चौकट. अण्णा तिकिटांखाली जाड बोरूने लिहीत. नजर जाऊ लागल्यावर अक्षर मोठे झाले होते, पण वळण तसेच. चौकटीखाली लिहिले होते : ‘खोटे. निर्णय : ह. पोंक्षे.’

त्याने ते तीन वेळा वाचले. असा निर्णय त्याने कधीही दिला नव्हता. आयुष्यात कुठलाच निर्णय दिल्याचे त्याला आठवत नव्हते. आणि इथे तो शाईने नोंदवलेला होता, त्याच्या नावासकट, सुबक अक्षरात. उद्या कुणी रेकॉर्ड-कारकुनाने पाहिला तर बेलाशक शिक्का मारील. हे तिकीट अण्णांचे असेल आणि खरे असेल, तर ते तीन वर्षे या पाटीखाली, एखादा सभ्य माणूस चुकून कोठडीत बसावा तसे, बसून आहे. ते आपलेच असेल, तर आपल्याच तिकिटावर आपल्याच नावाने शिक्का. चिमटा वहीशेजारीच होता. दहातली सहा मिनिटे गेली असतील. त्याने आपली वही उघडली, रुंद कडेचे बाहेर काढले. पण दोन तिकिटे पुन्हा एकदा एकाच टेबलावर मोकळी पडणार, या कल्पनेनेच त्याने अण्णांच्या तिकिटाला हात लावला नाही. आपले मात्र चिमट्यात धरून तो तसाच बसून राहिला.

अण्णा आले. चष्म्याच्या जाड भिंगांमागे त्यांचे डोळे इतके मोठे झाले होते, की काचेच्या पेल्याच्या बुडातून कुणीतरी आपल्याकडे बघते आहे असे वाटावे. ते हरिहरच्या तोंडाजवळ आले आणि बराच वेळ पाहत राहिले.

“पोंक्षे, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?” ते म्हणाले. “आणि गाल कापून घेतलाय. बुधवारचा दिसतो.”

हरिहर हसला. अण्णांनी खुर्ची ओढली, वहीत डोकावले आणि म्हणाले, बरं झालं, तुम्हीच पान काढलंत. याच्याचसाठी बोलावलं. मग त्यांनी जे सांगितले ते असे, की हे तिकीट त्यांना एका जुन्या पाकिटांच्या गठ्ठ्यात मिळाले होते. खरे की खोटे, कळेना. हरिहरला सरळ विचारले असते तर त्याने भिडेखातर खरे सांगितले असते, हरिहरचा स्वभाव त्यांना माहीत होता. म्हणून त्यांनी युक्ती केली. ते फिरत्या पेटीत टाकले.

“म्हटलं, पोंक्षे खरं तिकीट सोडायचे नाहीत,” अण्णा म्हणाले. “तुम्ही ‘पाहिले’ म्हणून परत पाठवलंत. झालं. एक शब्द न बोलता निकाल दिलात.”

हरिहरला काहीतरी म्हणायचे होते. मंदाकिनीने चहा आणून ठेवला आणि ती गेली. अण्णा बोलतच होते. तीन वर्षे त्यांनी ते खोटे म्हणून सांभाळले. मुद्दाम चौकट काढून; खोट्यालाही चौकट हवी. आता डोळे आले आहेत तर खऱ्या-खोट्यातला फरक एकदा स्वतः पाहायचा आहे, बाकी काही नको. मास्तर माणूस आहे, रेघ कुठे चुकली ते दिसल्याशिवाय चैन पडत नाही.

“तुमचं खरं इथे ठेवा, माझ्या खोट्याशेजारी,” ते म्हणाले. “आणि बोट ठेवून दाखवा.”

हरिहरने चिमट्यातले तिकीट निळ्या चौकटीच्या शेजारी ठेवले. घसा साफ केला. व्याख्यानाचा आवाज कुठून तरी आला, त्याच्या परवानगीशिवाय. तो सांगू लागला, की ही वळणे पाहा, खऱ्या तिकिटात सहीचे वळण सुलतानाच्या दरबारी लेखकाने घेतलेले असते, त्यात एक सहजपणा असतो. अण्णा वाकले. यातही तसंच आहे, म्हणाले. हरिहर म्हणाला, कोरीची टोके. अण्णांनी एकावरून दुसऱ्यावर नजर नेली, परत आणली, तीही तशीच. कागद. हाही पातळ. पिवळा. अण्णांनी मान तिरकी केली आणि वाट पाहत राहिले, वर्गात पुढच्या बाकावरचा सालस मुलगा पाहतो तशी, आणि हरिहरच्या बोटाला ठेवायला जागा उरली नाही. बोट तिकिटावर हवेत होते. त्याला ते दुसऱ्याच कुणाचे वाटले.

“अण्णा, मला ओळखता येत नाही,” तो म्हणाला.

शब्द चारच होते. बाहेर पडल्यावर ते फार लहान दिसले. अण्णांनी चष्म्यावरून पाहिले, मग चष्म्यातून. हरिहरला वाटले आता थांबता येईल, पण थांबता येईना. त्याने सगळे सांगितले : नियम चौथा, बादली, गळ, आवडाबाई, पोहे, अडकित्ता. अडकित्ता सांगताना अण्णांच्या मिशीत काहीतरी हलले, निदान त्याला तसे वाटले. म्हणजे हे माझं नसेलही, अण्णांनी विचारले. नसेलही, तो म्हणाला. किंवा असेल. आणि खोटं असेलही, अण्णा म्हणाले. आणि खरं असेल, हरिहर म्हणाला, आणि मी त्याला कधी खोटं म्हटलेलं नाही, मी कशालाच काही म्हटलेलं नाही.

“मला तीन वर्षं दिसत नव्हतं,” अण्णा सावकाश म्हणाले. “म्हणून तुमच्यावर विसंबलो.”

“हो.”

“आणि तुम्हाला?”

मग सांगायचे राहिलेले तेवढे त्याने सांगितले. ते सांगायला सर्वांत कमी वेळ लागला. दोन्हींत एकाची कड रुंद होती. पानावर लावताना माझा हात थांबला होता, अण्णा. मी रुंद कडेचं ठेवून घेतलं. त्याने ते तिकीट बोटाने अण्णांच्या बाजूला सरकवले, दोन्ही तुमचीच समजा म्हणाला, आणि हात मागे घेतला.

आता काय होईल ते त्याला सगळे दिसत होते. मंडळाची तातडीची बैठक. वकील उभा राहील. इतिवृत्तातले ते वाक्य खोडायचे की नुसते कंसात टाकायचे यावर चर्चा होईल. तुर्कस्तान काढून घेतील आणि कुणा तरुणाला देतील, ज्याला मोडीही येत नाही. सुमती विचारील, बैठकीला जात नाही का हल्ली. आठ माणसांची ती नजर परत कधीच एका ठिकाणी मिळणार नाही. आणि या सगळ्याच्या मागे, अगदी मागे, एक रिकामी, झाडून घेतलेली खोली असावी तसे काहीतरी होते. तिच्यात जावे की नाही हे त्याला ठरवता येईना, पण दार उघडे होते. चहावर साय धरली होती. मागच्या गल्लीत कुणीतरी खाट ठोकत होते. हरिहर ठोके मोजत राहिला.

अण्णांनी चष्मा काढला. त्याबरोबर त्यांचे डोळे एकदम लहान झाले, लालसर, ओले, ऑपरेशन झालेल्या माणसाचे. ते डोळे हरिहरच्या दिशेने होते, पण हरिहरवर नव्हते. तो त्यांना आता नुसता एक धुरकट आकार दिसत असणार. दोन्ही तिकिटे त्यांनी तळव्याच्या कडेने, मोडणार नाहीत अशी, एका रेषेत आणली. कुठले कुठल्या बाजूला गेले तिकडे हरिहरने पाहिले नाही. मग त्यांनी चष्मा टेबलावरून त्याच्याकडे सरकवला.

“पोंक्षे,” ते म्हणाले, “हा जरा पुसून द्या. माझ्या धोतराने नुसता फासला जातो. तुमचा रुमाल स्वच्छ असेल.”